पत्र्याची ट्रंक आणि पलटणीचे कागद

नौपाड्यातली एक जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डरने दिलेल्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराच्या माळ्यावरून काळ्या पत्र्याची ट्रंक खाली आली. त्या घरातली मुलगी (मुलगी म्हणतोय, पण चाळिशीची आहे, बँकेत नोकरी करते) ती रिक्षात घालून माझ्याकडे घेऊन आली. मी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं काढली, त्यामुळे आमच्या भागात जुना कागद निघाला की तो माझ्या दारात येतो. बहुतेक वेळा तो सातबारा असतो आणि त्यामागे भाऊबंदकी असते. या वेळी निघालं ते वेगळं होतं.

ट्रंकेत दोन भावांचे कागद होते. थोरले आबा, म्हणजे तिचे आजोबा, आणि धाकटे तात्या. मूळ गाव माणगाव तालुक्यात, आजच्या रायगडात. आबांचं एक पे बुक, कसरीने अर्धं खाल्लेलं डिस्चार्ज सर्टिफिकेट आणि तंबाखूच्या डबीत दोन पदकं. तात्यांची पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, आणि १९७२ सालचा पलटणीचा ग्रुप फोटो. आबा १९४६ साली घरी आले, पुढे ठाण्यात स्थायिक झाले, वागळे इस्टेटीत पहारेकरी म्हणून राबले आणि गेले. तात्या १९७१ च्या लढाईत पूर्व पाकिस्तानात होते.

घरात एक गोष्ट पिढीजात सांगितली जाते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, नाईक यशवंत घाडगे एकटे मशिनगनवर चालून गेले, तेव्हा आबा त्यांच्या पलटणीत होते, शेजारी होते. घाडगेही माणगाव तालुक्यातलेच, पळसगावचे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, त्या बाजूच्या प्रत्येक घराचा एखादा माणूस तरी त्या दिवशी त्यांच्या शेजारी होता. मुलीचा प्रश्न साधा होता: काका, हे खरं का, आणि कुठल्या कागदावरून कळेल?

एक प्रश्न, पण त्याच्यामागे आम्ही सात महिने फिरलो. त्या फिरण्यात आपल्या देशात लष्कराचा कागद कुठून निघतो आणि कुठे जाऊन बसतो, याचा नकाशा हाती आला. तो मांडावासा वाटला.

काळा घोडा

माझ्याकडे येण्याआधी तिने स्वतःच्या डोक्याने एक फेरी मारली होती. मराठा पलटण म्हणजे मुंबई इलाख्याची पलटण, मग कागद मुंबईत असणार. ती काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्याच्या पुराभिलेखागारात जाऊन आली आणि रिकाम्या हाताने परतली. तिचा तर्क चुकला नव्हता, फक्त साल चुकलं होतं. मुंबई, मद्रास आणि बंगाल या तीन इलाख्यांची तीन वेगळी सैन्यं १८९५ पर्यंत होती. तोवर मुंबईच्या सैन्याचा पत्रव्यवहार मुंबई सरकारच्या लष्करी खात्यात चाले, आणि त्या खात्याचे ग्रंथ आजही काळा घोड्यालाच आहेत. १८९५ ला तिन्ही सैन्यं एक झाली, कारभार भारत सरकारकडे गेला, आणि पुढचे कागदही त्याच वाटेने गेले. आबा पन्नास वर्षं आधी जन्मले असते, तर कदाचित तिला सीएसएमटीच्या लोकलच्या तिकिटात उत्तर मिळालं असतं.

एक गोष्ट लोकांना सहसा माहीत नसते. राज्याचं पुराभिलेखागार ही दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची शाखा नव्हे. राज्यघटनेत राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवलेले ऐतिहासिक अभिलेख केंद्राच्या यादीत आहेत, बाकीचे राज्याच्या. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. संरक्षण मात्र निखळ केंद्राचा विषय. म्हणून १८९५ नंतरच्या शिपायाचा कागद राज्याकडे शोधणं म्हणजे पोस्टात रेल्वेचं तिकीट मागण्यासारखं.

नंबर

लष्करात माणूस नावाने सापडत नाही, नंबराने सापडतो. डिस्चार्ज सर्टिफिकेटवरचा नंबर नेमका कसरीने खाल्ला होता. तो मिळाला तंबाखूच्या डबीत. हिंदुस्थानी शिपायांना दिलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. इंग्रज शिपायांना तीच पदकं कोरी दिली गेली. ब्रिटिश सरकारने आपल्या माणसांसाठी कंजुषी केली आणि तिचा फायदा नौपाड्यातल्या एका घराला झाला, असं क्वचितच घडतं. इटली स्टारची पाठ लिंबाने घासून (हे करू नये, पण तिच्या वडिलांनी मला विचारायच्या आत करून टाकलं होतं) भिंगाखाली धरली, आणि नंबर वाचता आला.

आता हा नंबर कुणाला कळवायचा? आबांची पलटण ५ वी मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी बटालियन. इंटरनेटवर पाहिलं, तर ही बटालियन आज मराठा रेजिमेंटमध्ये नाहीच. युद्धानंतर तिला छत्रीधारी केलं गेलं आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट नव्याने उभी राहिली तेव्हा ती तिची दुसरी बटालियन झाली, २ पॅरा. मुलीने त्यामुळे पॅराच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिलं. दोन ओळींचं नकारार्थी उत्तर आलं. ते बरोबरच होतं. बटालियन कुठेही गेली तरी १९४६ साली सुटलेला माणूस तेव्हाच्या रेजिमेंटच्या पुस्तकातच राहतो. मराठ्यांचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. तिथे माहिती अधिकारात अर्ज गेला, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, वारसाचा पुरावा, पदकाचा फोटो. पाच आठवड्यांत उत्तर आलं, आणि नीट आलं.

उत्तर असं, की या माणसाची सेवेची कागदपत्रं नष्ट केलेली आहेत. लॉंग रोलमधली नोंद मात्र सोबत जोडली आहे.

तिच्या वडिलांचा पारा चढला. म्हणाले, "लढायला माणूस हवा होता, कागद ठेवायला जागा नव्हती!" मला राग येईना, कारण मी स्वतः आयुष्यभर हेच केलं आहे. आमच्या कचेरीत अ वर्गाची फाइल कायमची, ब वर्गाची तीस वर्षं, मग क आणि ड. ड म्हणजे वर्ष झालं की गठ्ठा बाहेर. याला आम्ही निंदणीकरण म्हणतो. शेतातलं तण काढतात तसं. लष्कराचीही अशी मुदतीची पद्धत आहे. ज्याला पेन्शन लागू झालं नाही, त्याची शीट रोल (सेवेची नोंदपत्रिका) आणि इतर कागद सेवा संपल्यापासून २५ वर्षं ठेवायचे, नंतर नष्ट करायचे. लष्कराच्या नियमावलीतला ५९५ वा परिच्छेद तो हाच. माजी सैनिकांच्या खटल्यांत तो न्यायाधिकरणापुढे सतत येतो. लॉंग रोल मात्र कायम ठेवतात. तो एक लांबरुंद जाड ग्रंथ असतो, एका माणसाला त्यात एक ओळ. आबा सहा वर्षांत सुटले, पेन्शन नाही, म्हणून सत्तरीच्या दशकात त्यांची फाइल गेली आणि ओळ उरली. भरती, सुटका, गाव. इटलीचं नाव त्यात नाही.

इथे मला एक विचित्र गोष्ट जाणवली. आबा त्या डोंगरावर मेले असते, तर त्यांचं नाव आज कुणालाही घरबसल्या सापडलं असतं. युद्धात पडलेल्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ठेवतं. यशवंत घाडगे यांचा देह सापडला नाही, तरी त्यांचं नाव इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. जिवंत परतलेल्याची कुणी तशी यादी केली नाही. अर्थात मेलेल्यांच्या याद्याही सरळ नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या बसरा स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं आली आणि हजारो हिंदी शिपाई नुसत्या आकड्यात गेले. हे कमिशनने स्वतः २०२१ च्या अहवालात कबूल केलं.

माणसाचा कागद, पलटणीचा कागद

माणसाची फाइल गेली तरी पलटणीचा कागद वेगळा असतो आणि त्याची वाटही वेगळी असते. हा फरक कळला की निम्मं कोडं सुटतं. लढाईवर गेलेली प्रत्येक बटालियन वॉर डायरी लिहिते. आज कुठे आहोत, कुणी हल्ला केला, किती पडले, किती आले, हे तीत असतं आणि महिन्याच्या महिन्याला ते वर पाठवलं जातं. १९४४ साली इटलीत आबांची बटालियन दहाव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती, ती डिव्हिजन ब्रिटिश सेनापतींच्या हाताखाली. म्हणून इटलीतल्या डायऱ्या आज लंडनच्या क्यू भागात, ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. डब्ल्यूओ १७० ही त्यांची मालिका. पैसे भरले की पानांच्या प्रती मिळतात. हिंदी सैन्यातल्या ज्या अधिकाऱ्यांनी त्या काळात नोकरी केली, त्यांच्या व्यक्तिगत फाइली ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या कागदांत आहेत. शिपायांच्या नाहीत, त्या रेजिमेंटकडेच राहिल्या. अधिकाऱ्याची फाइल साम्राज्याबरोबर गेली आणि शिपायाची इथे निंदणीला आली.

दिल्लीत काहीच नाही असं नव्हे. १८९१ साली कलकत्त्यात सुरू झालेलं इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट म्हणजे आजचं जनपथवरचं राष्ट्रीय अभिलेखागार. त्याचे पहिले प्रमुख जॉर्ज फॉरेस्ट आधी मुंबईत, त्याच एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक होते आणि मुंबई सरकारचे जुने कागद लावत होते. मिलिटरी डिपार्टमेंट, पुढे आर्मी डिपार्टमेंट, त्याही पुढे डिफेन्स डिपार्टमेंट, यांच्या फाइली तिथे रीतसर पोचल्या आहेत. अभिलेख पटल या संकेतस्थळावर सूची पाहता येते आणि बऱ्याच फाइली घरी बसून वाचता येतात. पण त्या सचिवालयाच्या फाइली: भरती किती करायची, बूट कुणाकडून घ्यायचे, पगार किती वाढवायचा. एखाद्या कंपनीने एका सकाळी काय केलं, हे तिथे शोधू नये. दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास लिहायला एक खास विभाग नेमला गेला. फाळणीनंतरही तो भारत आणि पाकिस्तान दोघांच्या वतीने चालू राहिला, बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली त्याने खंडच्या खंड काढले. सैन्य वाटलं, तोफा वाटल्या, बॅण्डची वाद्यं वाटली, पण हा इतिहास काही काळ एकत्रच लिहिला जात होता, हे मला अजून नवलाचं वाटतं.

तात्या

खरी गाठ आली ती तात्यांच्या बाबतीत. तात्यांचं पेन्शन होतं, पीपीओ होती, म्हणून त्यांची वैयक्तिक माहिती फार कष्टाने मिळवावी लागली नाही. ते पहिल्या मराठ्यांत, जंगी पलटणीत. ही पलटण डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरला लढली. ११ डिसेंबरला टांगाइलजवळ २ पॅरा विमानांतून उतरली आणि १२ डिसेंबरला पुंगली पुलापाशी जंगी पलटण तिला जाऊन मिळाली. २ पॅरा म्हणजे आबांची जुनी बटालियन. थोरल्याची पलटण आकाशातून आली आणि धाकट्याची पायी, आणि दोघी एका पुलापाशी भेटल्या. आबा तेव्हा वागळे इस्टेटीत रात्रपाळी करत होते. त्यांना हे कधी कळलं का, कोण जाणे.

मुलीला साहजिकच वाटलं, की इटलीचं १९४४ सालचं पान लंडनहून येतंय, तर १९७१ चं पान दिल्लीत आपल्याच देशात सहज मिळेल. कायदाही तिच्या बाजूने वाटतो. १९९३ च्या अधिनियमात संरक्षण मंत्रालयाला वगळलेलं नाही. प्रत्येक खात्याने अभिलेख अधिकारी नेमायचा, २५ वर्षांवरच्या फाइलींची छाननी करायची, टिकवण्याजोग्या राष्ट्रीय अभिलेखागाराला द्यायच्या. १८९२ पूर्वीचा कागद, तो अगदीच निरुपयोगी झाला नसेल तर, फाडायचाच नाही. बेकायदा नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ३० वर्षांपेक्षा जुना, गोपनीयतेचा शेरा नसलेला आणि अभिलेखागारात पोचलेला कागद संशोधकाला वाचायला देता येतो. यातला 'पोचलेला' हा शब्द लक्षात ठेवावा. फाइल खात्यातून निघालीच नाही, तर तिचं वय पन्नास असो की साठ, वाचनालयाच्या खिडकीशी तिचा संबंध येत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराचे तेव्हाचे महासंचालक चंदन सिन्हा यांनी जाहीरपणे सांगितलं, की १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे अभिलेख आमच्याकडे नाहीत. स्वातंत्र्यापासून त्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत संरक्षण मंत्रालयाकडून आलेल्या फाइली किती, तर ४७६, त्याही १९६० पर्यंतच्या. मग त्या एका वर्षात सुमारे २० हजार फाइली आल्या. पुन्हा १९६० पर्यंतच्याच. हा आकडा मी तीनदा वाचला. पंचाहत्तर वर्षांत ४७६ आणि एका वर्षात २० हजार. कुणी कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकली असती, तर वर्षभरात वीस हजार फाइली निघाल्या नसत्या. फाइलींचे गठ्ठे रुमालात बांधलेले होते, सोडायला कुणी बसलं नव्हतं. रेकॉर्ड रूममध्ये काम केलेल्याला हे सांगावं लागत नाही. फाइल देणं म्हणजे आधी ती उघडणं, वाचणं, यादी करणं, शेरा काढायचा की ठेवायचा यावर कुणीतरी सही करणं. सही करणाऱ्याला दिल्याबद्दल शाबासकी नसते, चुकल्याबद्दल मेमो असतो. मग तो पुढच्या माणसासाठी ठेवून देतो.

गोपनीयता नाहीच, असं माझं म्हणणं नाही. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल केंद्रीय माहिती आयोगानेही २०१० मध्ये उघड करू दिला नाही. १९६२ आणि १९७१ च्या युद्धांचे सरकारी इतिहास १९९२ मध्ये मर्यादित वापरासाठी तयार झाले. १९६२ च्या इतिहासाच्या दोन लेखकांपैकी एक आपले अनिल आठल्ये. पण ते इतिहास लोकांसमोर आले ते सरकारी छापखान्यातून नाही, वर्तमानपत्राने इंटरनेटवर टाकले म्हणून.

हे इतिहास लिहिणारा संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग १९५३ मध्ये स्थापन झाला. लष्करी कागदाच्या वाटेवरचा हा मधला थांबा आहे आणि आमच्या प्रकरणाचा खरा गुंता इथेच. कारगिल आढावा समितीने आणि वोहरा समितीने युद्धांचे इतिहास आणि गोपनीयता उठवणं यांबद्दल स्पष्ट धोरण मागितलं होतं. ते जून २०२१ मध्ये आलं. तिन्ही दलांनी वॉर डायऱ्या आणि तत्सम नोंदी इतिहास विभागाकडे द्यायच्या. संयुक्त सचिवाच्या अध्यक्षतेखाली समिती, तीत दलांचे प्रतिनिधी आणि लष्करी इतिहासकार, युद्ध संपल्यापासून पाच वर्षांत इतिहास तयार. २५ वर्षांवरच्या नोंदी तज्ज्ञांनी तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायच्या, पण युद्धाचा इतिहास लिहून झाल्यावर.

धोरण आलं हे चांगलंच झालं. पण या शेवटच्या अटीवर माझं बोट अडलं. आधी इतिहास, मग कागद. म्हणजे खात्याने स्वतःची हकीकत लिहून संपवायची आणि मग बाकीच्यांनी पुरावा पाहायचा. आमच्या कचेरीत मोजणीदाराने नकाशा आधी काढून नंतर शेत पाहिलं असतं, तर त्याला कुणी ठेवला नसता. कागद आधी दिल्लीला गेला आणि इतिहास विभागाच्या लेखकाने तिथल्या टेबलावर बसून तो वाचला, तर काय बिघडेल, याचं पटणारं उत्तर मला मिळालेलं नाही. फार तर त्याला सुरुवातीची काही वर्षं एकट्याला वाचू द्या.

बाहेरच्या देशांतही एकच रीत नाही. फ्रान्समध्ये संरक्षण खात्याचं अभिलेखागार पॅरिसजवळ व्हॅन्सेनला स्वतंत्र आहे, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या छत्राखाली नाही, पण तिथे वाचनालय आहे आणि लोक जाऊन वाचतात. जर्मनीत फ्रायबुर्गचं लष्करी अभिलेखागार संघराज्याच्या अभिलेखागाराचाच एक भाग. ब्रिटनमध्ये खात्याने द्यायचं आणि क्यूने ठेवायचं. शिपायांच्या लाखो व्यक्तिगत फाइलीही आता तिकडे निघाल्या आहेत. यांतली कुठलीही रीत चालते, वाचणाऱ्याला दार कुठलं ते ठाऊक असलं की झालं. आपण कायद्यात ब्रिटनची रीत धरली आहे, वागण्यात फ्रान्सची, फक्त व्हॅन्सेनसारखं वाचनालय ठेवलेलं नाही.

तात्यांच्या बाबतीत मुलीने तूर्त थांबायचं ठरवलं. तात्यांच्या ग्रुप फोटोमागे नावं होती. ती तिने टंकून घेतली. त्यांतले दोघे हयात निघाले आणि दोघांशीही ती फोनवर बोलली. ते बोलणं तिने नोंदवून ठेवलं आहे.

पे बुक

राहिले आबा. सगळीकडून हात टेकल्यावर आम्ही परत ट्रंकेकडे आलो. पे बुक आतापर्यंत कुणी नीट पाहिलंच नव्हतं, कारण त्यात नुसते आकडे होते. शिपायाला रोख पैसे दिले की त्यात तारीख, रक्कम आणि देणाऱ्या अधिकाऱ्याची सही पडते. १९४४ च्या उन्हाळ्याची दोन पानं चिकटली होती. ती ओढून काढायचा मोह आवरून एका जाणकाराकडून सुटी करून घेतली. २८ जूनची नोंद निघाली, तिच्यावर बटालियनचा शिक्का नव्हता, इंडियन जनरल हॉस्पिटलचा होता. पुढची नोंद २२ जुलैची, परत बटालियनची.

१० जुलै बरोबर मध्ये पडते. आबा तोवर पलटणीत परतले होते की खाटेवर होते, हे पे बुक सांगत नाही. ते सांगितलं असतं पार्ट टू ऑर्डर्सनी, ज्यांत हॉस्पिटलात भरती आणि तिथून सुटका नावानिशी छापून यायची, किंवा त्यांच्या फाइलीने. फाइल निंदणीत गेली. लंडनच्या जुलै महिन्याच्या डायरीसाठी मुलीने पैसे भरले आहेत, पण वॉर डायरीत शिपाई नावाने क्वचितच येतो, आला तर आकड्यात येतो. मी तिला तसं आधीच सांगितलं आहे.

मला धास्ती होती ती तिच्या वडिलांची. पंचाहत्तर वर्षं सांगितलेली गोष्ट, आणि मी भिंगाखाली धरून तिच्यात चोवीस दिवसांचं भोक पाडलेलं. त्यांनी पान बराच वेळ हातात धरलं. मग विचारलं, "हॉस्पिटल कशाचं?"

म्हटलं, तेवढं लिहिलेलं नसतं. मलेरिया असेल, गोळी असेल.

"त्यांच्या मांडीवर वण होता," ते म्हणाले. "हा एवढा. आम्हाला सांगायचे, लहानपणी बैलाने शिंग मारलं."

पे बुकची स्कॅन केलेली प्रत आता तिच्या आणि माझ्या दोघांच्या संगणकावर आहे. १९९३ च्या अधिनियमात खासगी घरातून आलेले महत्त्वाचे कागद स्वीकारायची राष्ट्रीय अभिलेखागाराला मुभा आहे, तसं पत्र ती दिल्लीला लिहिते आहे. मूळ पुस्तक मात्र वडिलांनी द्यायला नकार दिला. ते ट्रंकेत परत गेलं. नवी इमारत उभी राहीपर्यंत ते सगळे कळव्याला भाड्याच्या घरात आहेत, ट्रंक तिथे पलंगाखाली.